श्वास रोखून दिलेली मापं

नणंद : नाही, तू सांगच मला. मला इथे आणून तुझा फायदा काय? मघापासून मी तेच मोजत बसलेय. रविवारी मी घर सोडून बायकांच्या वसतिगृहात जाणार. वरची खोली मोकळी होणार, ती तुला. शिवणयंत्राची खडखड थांबणार, ती शांतता तुला. सकाळी उठल्या उठल्या नणंदेचं तोंड बघायला नको, हे वरकड. एवढं सगळं आपसूक पदरात पडत असताना, वहिनी, तू ऑफिसातून रजा काढून मला नाकाच्या डॉक्टरकडे का आणलंस?

भावजय : तुमचं नाक चोंदतं म्हणून.

नणंद : नाक माझं कित्येक वर्षं चोंदतंय. तुला पुळका आजच आला.

भावजय : वन्सं, जरा हळू. लोक बघतायत.

नणंद : बघू देत. इथे सगळे तोंडं उघडी टाकून बसलेत, त्यांना श्वास घ्यायची पंचाईत. माझं काय ऐकणार? आणि ते बघ, माझ्या शेजारचे गृहस्थ उठले. बाकावर जागा असून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

भावजय : हवा हवी असेल त्यांना.

नणंद : मी बसले की लोकांना हवा हवी होते. बसमध्येही तसंच. परवा एक बाई माझ्या शेजारून उठली आणि सगळी वाट दांडीला लोंबकळत गेली. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता गं तिच्या.

भावजय : तुम्ही उगाच मनाला लावून घेता.

नणंद : मनाला कशाला लावू? मी नुसती बघते आणि लक्षात ठेवते. तुझंही बघितलंय. त्या शाळेतल्या बाई दारात आल्या होत्या, कापड घेऊन. तू त्यांना पायरीवरूनच परतवून लावलंस. काय सांगितलंस ते मी वरून ऐकलं. ‘वन्संच्या डोळ्यांना आता दिसत नाही, त्या शिवणकाम घेत नाहीत.’ माझे डोळे! अगं, मी अजून संधिप्रकाशात सुईत दोरा ओवते, तोही थुंकी न लावता.

भावजय : तेव्हाच का नाही विचारलंत मला?

नणंद : विचारायचं कशाला? कळलं ते पुरे झालं. आधी स्वयंपाकघर गेलं. मग खालची खोली गेली, ‘वर उजेड चांगला आहे वन्सं’ म्हणून. मग गिऱ्हाईक गेलं. उरलं होतं ते माणूस. ते मीच उचलून नेतेय. तुला हातही लावावा लागत नाही.

भावजय : मी दमलेय हो वन्सं. डॉक्टरांचं होऊ दे, मग काय बोलायचं ते बोला.

डॉक्टर : पुढचे कोण? या आत. दार लोटून घ्या. पेशंट कोण दोघींत?

नणंद : मी. ही माझ्या भावाची बायको. सोबतीला आलीय की पहाऱ्याला, ते अजून ठरायचंय.

डॉक्टर : ठरलं की सांगा. सकाळपासून नाकंच बघतेय, तेवढाच विरंगुळा. काय होतंय?

नणंद : चोंदतं. आत बूच मारल्यासारखं.

डॉक्टर : शिंका, पाणी, खाज?

नणंद : त्यातलं काही नाही. ते सगळं माझ्या दादाकडे. आईबापांनी वाटणी करून दिल्यासारखं.

डॉक्टर : दादांचं मागाहून बघू. रक्त येतं?

नणंद : थोडंसं. सकाळी आतून खपली निघते, हिरवट, जाड. तिच्याबरोबर येतं. कपाळ ठणकतं.

डॉक्टर : एका बाजूनं जास्त, की दोन्हीकडे सारखं?

नणंद : सारखंच. त्यात काय फरक?

डॉक्टर : बराच. एकाच नाकपुडीचं दुखणं आलं की मी आधी वरचे दात बघते. दाताचा पू वरच्या पोकळीत चढतो. लहान मूल असेल तर आत मणी, खडू काय घातलंय ते शोधते. मोठ्या माणसात गाठ तर नाही ना, हे बघते. दोन्हीकडे सारखं म्हटलं की वाट निराळी. नाकाचं ऑपरेशन कधी झालंय?

नणंद : झालंय ना. आई होती तेव्हा. तेव्हाही चोंदायचंच. त्या डॉक्टरांनी आतलं वाढलेलं मांस काढून टाकलं. म्हणाले, आता घोडा दौडेल एवढी वाट केलीय.

डॉक्टर : मग दौडला?

नणंद : चार दिवस दौडला. मग पुन्हा बूच.

डॉक्टर : मान मागे. दिव्याकडे बघू नका, डोळे दिपतील. हालू नका... हं. दुसरी बाजू... हं. एक खपली काढते, जरा झोंबेल.

नणंद : आई गं!

डॉक्टर : झालं. हा बोळा धरा. ताई, तुमचं नाक चोंदलेलं नाही.

नणंद : म्हणजे मी खोटं सांगतेय?

डॉक्टर : अजिबात नाही. ही धातूची थंड पट्टी नाकाखाली धरते. तोंड मिटा, श्वास सोडा. बघा, दोन्हीकडे वाफ उमटली. हवा येतेय, जातेय. हवी त्याहून जास्तच वाट आहे तुमच्याकडे. पण आत जी ओली, मांसल गादी असते, ती हवेला ओलावा देते आणि हवा गेली हेही तीच आपल्याला जाणवून देते. तुमची ती गादी झिजलीय, कोरडी पडलीय. म्हणून हवा जाते, पण गेल्याचं तुम्हाला कळत नाही.

नणंद : आहे खरी, पण असल्याचं कळत नाही. घरात माझंही तसंच आहे.

डॉक्टर : आता डोळे मिटा. ही बाटली हुंगा. कसला वास?

नणंद : हा... साबण.

डॉक्टर : आणि ही दुसरी?

नणंद : ही फुलाची काहीतरी. अत्तर.

डॉक्टर : उघडा डोळे. पहिल्या बाटलीत कॉफीची पूड होती. दुसऱ्या बाटलीत काही नव्हतं.

भावजय : वन्सं! तुम्हाला वास येत नाही?

डॉक्टर : कधीपासून, ताई?

नणंद : ते कळायला काही घंटा वाजते का? एकदा दूध उतू जाऊन करपलं. मी तिथेच, शेगडीकडे पाठ करून उभी. पातेलं काळं झालं तरी मला पत्ता नाही. त्या दिवशी कळलं.

भावजय : तुम्ही म्हणालात, खिडकीतून शेजारणीशी बोलत होते.

नणंद : मग काय म्हणू? गॅस सुटला तरी हिला कळायचं नाही, असं म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरातून उठवलं असतंत. मीठमिरची अंदाजानं टाकत होते. पोळी करपली की नाही ते रंगावरून बघत होते. छान सांभाळलं होतं सगळं. आणि शेवटी उठवलंतच.

डॉक्टर : बरं. आता तुम्हाला विचारते, वहिनी. घरात वास कधीपासून आहे?

भावजय : कसला?

डॉक्टर : मी मास्क लावून बसलेय आणि खिडकी सताड उघडी आहे. माझ्यापुढे लपवता कशाला?

नणंद : कसला वास?

भावजय : काही नाही, वन्सं. डॉक्टर आपलं सहज—

नणंद : डॉक्टरांचा चेहरा सहज विचारणाऱ्यासारखा नाही. कसला वास, डॉक्टर?

डॉक्टर : मी सांगू शकते. पण मी परकी. मी सांगितलं की तुम्ही घरी जाऊन यांनाच विचारणार.

(बाहेरच्या बाकावर कुणीतरी शिंकतं, थांबतं, पुन्हा शिंकतं.)

भावजय : तुमचा, वन्सं. तुमच्या नाकातून येतो. जवळ आलात की येतो. खोलीतून उठून गेलात तरी मागे राहतो.

नणंद : मी रोज आंघोळ करते.

डॉक्टर : आंघोळीचा यात काडीचा संबंध नाही, ताई. तुम्ही अस्वच्छ नाही. आत कोरड्या खपल्या साचतात, त्यांच्याखाली जंतू वाढतात, त्यांचा हा वास. ज्याला हा आजार होतो त्याचं वास घेणं आधी बंद पडतं. म्हणून त्याला सोडून सगळ्यांना कळतं.

नणंद : सगळ्यांना.

डॉक्टर : हो.

नणंद : म्हणून ते साबण. वाढदिवसाला साबण, पास झालेल्या भाचीकडून पेढ्यांऐवजी साबण. मी म्हणायची, माणसांची काय ही आवड! ट्रंकभर साठलेत. आणि ती अत्तराची कुपी तूच दिली होतीस, नाही का? मी म्हटलं होतं, दुकानदारानं पाणी विकलं तुला.

भावजय : जाऊन भांडून आले होते मी त्याच्याशी. नंतर घरी येऊन हुंगलं. चांगलं होतं.

नणंद : स्वयंपाकघर? वासामुळे?

भावजय : हो.

नणंद : वरची खोली?

भावजय : हो.

नणंद : आणि गिऱ्हाईक? तिथे तरी तुझा हात होता. नाही म्हणू नकोस.

भावजय : होता. त्यांच्याच शाळेतल्या दुसऱ्या एक बाई आधी माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्या नणंदेला काहीतरी सांगा, नाहीतर मीच सांगते तोंडावर. माप घेताना मला उलटी व्हायची राहिली.’ तुम्ही टाचण्या ओठांत धरून अगदी खांद्याशी येता ना. मी म्हटलं, कुणी तुम्हाला असं तोंडावर सांगण्यापेक्षा येईल तिला डोळे गेलेत म्हणून सांगावं. डोळे गेले तर कुणाला लाज नसते.

नणंद : थांब. माप घेताना?

भावजय : हो.

नणंद : म्हणजे त्या श्वास रोखून उभ्या राहायच्या.

भावजय : असतील.

नणंद : असतील काय! राहायच्याच. मला आठवतंय ना. टेप काखेतून घातली की एकेकीची छाती बेडकासारखी फुगायची आणि मान पलीकडे. मी म्हणायची, सैल सोडा अंग, सैल सोडा. अंग सोडायच्या, श्वास सोडत नव्हत्या! आणि मी ते फुगलेलं माप लिहून घ्यायची. मग कपडे ढगळ. प्रत्येकीचे ढगळ. मी उसवायची, आत घ्यायची, पुन्हा अंगावर घालून बघायला बोलवायची. त्या परत फुगायच्या. मला वाटलं माझा हात गेला. अगं, मी रात्र रात्र जागून काढली. टेप ताणली गेली असेल म्हणून नवी आणली. दुकानातल्या लाकडी पट्टीशी ताडून बघितली ती. टेप बरोबर होती.

भावजय : तुम्ही बोलला नाहीत कधी.

नणंद : हात गेला हे कोण बोलेल? यंत्र विकायला काढलं ते त्याचमुळे. तू गिऱ्हाईक तोडलंस हे तर होतंच. पण मनातून मला वाटायचं, बरंच झालं तोडलंस ते. नाहीतरी मला आता शिवता येत नाही.

डॉक्टर : हात ठीक आहे तुमचा. पुढचं ऐकता का? बाहेर रांग आहे माझ्याकडे.

नणंद : बोला. आता काय राहिलंय?

डॉक्टर : सगळं राहिलंय. आधी रक्त तपासू, आतल्या पोकळ्यांचं स्कॅन काढू. जुनी एखादी लागण मागे दडलीय का, रक्त कमी आहे का, ते बघायचं. मला वाटतं जुन्या ऑपरेशनात मांस गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं, त्याचं हे फळ. पण तपासल्याशिवाय शिक्का मारत नाही. तोवर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून नाक धुवायचं. उकळून थंड केलेलंच पाणी. प्रमाण लिहून देते. धुऊन खपल्या निघाल्या की हे ग्लुकोजचे गोड थेंब घालायचे. दर आठवड्याला इथे या, उरलेलं मी काढते.

नणंद : आणि बरं होईल?

डॉक्टर : पूर्वीचं नाक परत मिळणार नाही. तुम्हाला वास येऊ लागेल की नाही, शब्द देत नाही. पण लोकांना येतो तो वास जाईल. काही आठवडे लागतील. नंतरही धुणं सोडायचं नाही. दात घासतो तसं, जन्मभर.

नणंद : एवढंच? मीठपाणी?

डॉक्टर : एवढंच. दोन दिवस हुकवलंत की परत येईल, आणि तो तुम्हाला कळणार नाही. म्हणून घरातलं कुणीतरी एक माणूस लागेल, रोज खरं सांगणारं.

भावजय : डॉक्टर, एक विचारू? माझ्या नवऱ्याला हा वास कसा नाही येत? ते रोज संध्याकाळी वन्संजवळ बसतात, अगदी खेटून. मी पहिल्यांदा सांगितलं तर म्हणाले, तुझ्या मनात घाण आहे. दुसऱ्यांदा सांगितलं तर बोलणंच टाकलं माझ्याशी. म्हणतात, माझ्या बहिणीला घालवायला तू वास शोधून काढलास.

डॉक्टर : सकाळी उठल्यावर शिंका?

भावजय : ओळीनं. शेजारी उठतात.

डॉक्टर : डोळे चोळतात? तोंड उघडं ठेवून झोपतात?

भावजय : घोरतात. उशाशी नाकात घालायची बाटली असते. ती संपली तर पावसापाण्यात उठून औषधाच्या दुकानात जातात.

डॉक्टर : किती वर्षं घालतायत?

भावजय : लग्नात खिशात होती.

डॉक्टर : ती बाटली चार-पाच दिवस घालायची असते. पुढे तीच नाक बंद करते, म्हणून माणूस ती आणखी घालतो. मुळात त्यांना धुळीबिळीची ॲलर्जी असावी. आत द्राक्षासारखे मऊ कोंबही धरले असतील. न बघता सांगता येणार नाही. पण त्यांना तुमच्या भाजीचा तरी वास येतो का?

भावजय : काहीही वाढलं तरी छान म्हणतात. मला वाटायचं, गरीब स्वभाव आहे.

डॉक्टर : घेऊन या त्यांना. पुढच्या वेळी दोघांनाही. चला, कागद बाहेर मिळतील.

नणंद : सावकाश उतर, जिना ओला आहे. आणि माझ्या पुढे चाल. वारा समोरून येतोय.

भावजय : असं काय करता वन्सं?

नणंद : आता मला कळलंय ना. कालपर्यंत माहीत नव्हतं तोवर मी राणीसारखी कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसत होते. आता रिक्षात कशी बसू तुझ्याशेजारी?

भावजय : येताना बसलाच होतात की.

नणंद : तू सगळी वाट बाहेर बघत होतीस. मला वाटलं, रागानं.

भावजय : रागही होता. खोटं कशाला सांगू? मला वाटायचं, तुम्हाला येतच असेल आणि तुम्ही मुद्दाम काही करत नाही. आम्हाला शिक्षा म्हणून. जेवताना घास घशाखाली उतरायचा नाही आणि समोर तुम्ही मला टोमणे मारत बसलेल्या. कधीकधी वाटायचं, जाऊ देत बाई, रविवार येऊ दे.

नणंद : मग येऊ का नाही दिलास?

भावजय : तुम्ही त्या बायकांच्या वसतिगृहात गेला असतात. एका खोलीत चौघी. त्यांनी पहिल्याच रात्री तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, चौघींत हसून. ते काही मला सोसवेना. आणि हे मला जन्मभर म्हणत राहिले असते की तू हाकललंस.

नणंद : हं. आता खरा फायदा सांगितलास. दया निम्मी, धाक निम्मा.

भावजय : असेल.

नणंद : मला तेच बरं वाटतं. नुसती दया असती तर मी घेतली नसती. रविवारचं कळवून टाकते, येत नाही म्हणून. तिथे चौघींत एक बेसिन, माझं नाक धुऊन व्हायचं कधी?

भावजय : आपल्याकडे बेसिन खाली आहे.

नणंद : मग खाली यावं लागेल मला. यंत्र मात्र आज सांगून ठेव त्या माणसाला, विकायचं नाही म्हणून. आणि दादाला मीच सांगणार. म्हणेन, तुझी बायको खोटं बोलत नव्हती.

भावजय : ते म्हणतील, मी तुम्हाला पढवलं.

नणंद : म्हणू दे. कान धरून आणीन इथे. तो नाक फुगवून बसला होता इतके दिवस, आत काय आहे ते कळू दे त्यालाही. अगं, रडतेस कशाला रस्त्यात?

भावजय : रडत नाही. दमलेय. घरात शिरताना रोज दारात थांबून एक मोठा श्वास घ्यायचे मी, वन्सं. रोज. मग आत यायचे.

नणंद : तूसुद्धा फुगायचीस तर.

भावजय : हो.

नणंद : ये, त्या कठड्यावर जरा टेक. मी इथे पलीकडे उभी राहते. हिशेब चुकला बघ माझा, सगळाच चुकला. मी आपली रोज माझंच नुकसान मांडत होते. स्वयंपाकघर गेलं, खोली गेली, शिवण गेलं. दादाचं म्हणशील तर त्याचं काही गेलं नाही, तो आपला सुखानं घोरत होता. आणि माझं म्हणशील, तर मला तरी कुठे वास येत होता? आमच्या घरात नाक म्हणून होतं ते एकट्या तुला.